काटा खरे बोलतो, पण अर्धेच

गेल्या वर्षी रमजान ईदनंतरच्या आठवड्यात आमच्या मिरजेच्या घरात दोन गोष्टी घडल्या. पहिली हसण्यावारी गेली आणि दुसरीने सगळ्यांची झोप उडवली.

पहिली गोष्ट अशी. शीरखुर्म्याचा हिशेब करायचा म्हणून मुलांनी वजनकाटा बाहेर काढला. भाभी त्यावर उभ्या राहिल्या आणि काटा ६८वर थांबला. आम्ही नेहमीप्रमाणे हसलो. गेली दहा वर्षे घरात कुठलाही निकाह असो, वलीमा असो, भाभींच्या वजनावर कुणी ना कुणी बोलणारच. बिचाऱ्या भाभी कधी भात सोडत, कधी रात्रीचे जेवण सोडत. पंधरा दिवसांनी चक्कर येऊ लागली की पुन्हा पहिल्यासारखे जेवू लागत. त्यांच्यानंतर भाईजान काट्यावर चढले. उंची १७० सेंटिमीटर, वजन ६६ किलो. "याला म्हणतात वजन!" असे म्हणून अम्मींनी त्यांना आणखी एक वाटी शीरखुर्मा दिला.

दुसरी गोष्ट चार दिवसांनी घडली. विम्यासाठी भाईजानांची रक्त-लघवीची तपासणी झाली. उपाशीपोटी साखर १४८. डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करायला सांगितले. ती ७.६ आली. मधुमेहाची रेषा पहिल्या तपासणीत १२६ला आणि दुसरीत ६.५ला आखलेली आहे. भाईजानांनी दोन्ही रेषा कधीच ओलांडल्या होत्या.

आमचा विश्वासच बसेना. सडसडीत माणसाला साखर कशी? तेव्हा अम्मी हळूच म्हणाल्या, "तुमचे अब्बाही सडपातळच होते." अब्बांना छप्पन्नाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. अंगावर मांस नाही म्हणजे प्रकृती ठणठणीत, असे समजून त्यांची कधी तपासणीच झाली नव्हती.

त्या दिवसापासून आम्ही वजनाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. जे समजले आणि घरात करून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

वजन सारखे, शरीर वेगळे

वजनकाटा खोटे बोलत नाही, पण तो फक्त एकूण बेरीज सांगतो. त्या बेरजेत हाडे किती, स्नायू किती, पाणी किती आणि चरबी किती, हे त्याला ठाऊक नसते. दोन पिशव्या प्रत्येकी पाच किलोच्या असतील, पण एकीत डाळ आणि दुसरीत डालडा असेल, तर काट्याला दोन्ही सारख्याच.

याचे फार बोलके उदाहरण आपल्या पुण्यातलेच आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी स्वतःचीच मोजमापे २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता. दिसायलाही दोघे सडपातळ. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बीएमआय तोच, चरबी दुपटीहून जास्त!

ही गोष्ट एका डॉक्टरपुरती नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बाळांची मापे घेतली. तिथल्या बाळाचे वजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे वजनाने, स्नायूंनी, पोटाच्या घेराने लहान होती. मात्र पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. 'बारीक पण चरबीयुक्त' ही आपल्या लोकांची ठेवण पाळण्यापासून सुरू होते, ती अशी.

म्हणून भारतीयांसाठी बीएमआयच्या मर्यादाही कडक ठेवल्या आहेत. युरोपीय माणसाला २५पर्यंत मुभा. आपल्याकडे २३च्या पुढे वजन जास्त आणि २५पासून लठ्ठपणा धरतात. भाईजानांचा आकडा होता २२.८. म्हणजे या कडक चाळणीतूनही ते सुटले असते.

एक जुना किस्सा

बीएमआयचे सूत्र बेल्जियमचे गणितज्ञ अडोल्फ केटले यांनी १८३०च्या दशकात मांडले. त्यांना लोकसंख्येचा अभ्यास करायचा होता. एकेका माणसाची प्रकृती ठरवण्यासाठी त्यांनी ते केलेच नव्हते. सूत्र सोपे आहे. वजन किलोत घ्यायचे आणि मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. हजारो लोकांचा अंदाज घ्यायला ते उपयोगी पडते, एकट्या माणसाला मात्र फसवू शकते.

हे फसणे उलट दिशेनेही होते. अमेरिकी नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेन्के आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९४२मध्ये २५ व्यावसायिक फुटबॉलपटू तपासले. उंची-वजनाच्या सैनिकी तक्त्याप्रमाणे त्यांतले १७ जण 'जादा वजनाचे' म्हणून भरतीला नालायक ठरत होते! बेन्के यांनी त्यांना पाण्यात बुडवून त्यांची घनता मोजली. चरबी पाण्यापेक्षा हलकी, तर स्नायू आणि हाडे जड. मोजणीत कळले की या गड्यांचे वजन चरबीचे नसून स्नायूंचे होते.

घरच्या घरी काय मोजावे?

सगळ्यात भरवशाचे साधन सगळ्यात स्वस्त आहे. शिंप्याची टेप! मात्र ती योग्य जागी लावली पाहिजे. सलवारीची नाडी किंवा पँटचा पट्टा जिथे बांधतो ती ही जागा नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मधोमध टेप धरावी. सरळ उभे राहावे, पोट आत ओढू नये, साधा श्वास सोडून माप वाचावे. भारतीय पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. आकडे लक्षात राहत नसतील तर एक सोपी खूण सांगतो. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा.

भाईजानांची टेप ९४वर थांबली. उंचीच्या निम्मे म्हणजे ८५. बारीक हातपाय आणि सदऱ्याखाली झाकलेले पोट, हे चित्र त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही नीट पाहिले. कातडीखालच्या चरबीपेक्षा पोटाच्या आत, यकृत आणि आतड्यांभोवती साचणारी चरबी जास्त घातक असते. इन्सुलिनचे काम तीच बिघडवते. तिची चाहूल काट्याला लागत नाही, टेपला लागते. २०२५च्या जानेवारीत जगभरातील तज्ज्ञांच्या एका आयोगानेही हेच सांगितले की लठ्ठपणा ठरवताना एकट्या बीएमआयवर थांबू नये, कमरेचे माप किंवा प्रत्यक्ष चरबीची मोजणी त्याच्या जोडीला घ्यावी.

आता चरबीचा टक्का सांगणाऱ्या यंत्रांविषयी. पाय ठेवायच्या जागी धातूच्या पट्ट्या असलेले काटे हल्ली घरोघरी आले आहेत. त्यातून अंगात अगदी सौम्य वीजप्रवाह जातो. स्नायूंत पाणी भरपूर असल्याने तो तिथून सहज जातो, चरबीत अडतो. या अडथळ्यावरून यंत्र टक्का काढते. म्हणजे चरबी ते थेट मोजत नाही, पाण्यावरून अंदाज बांधते. म्हणूनच रोज्यात इफ्तारपूर्वी आणि इफ्तारनंतर तेच यंत्र दोन वेगळे आकडे देईल. असे यंत्र वापरायचेच तर दर वेळी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्यापूर्वी वापरावे. एका आकड्यावर हरखू नये की रडू नये. दोन-तीन महिन्यांचा कल पाहावा. हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी ते वापरू नये, गरोदर स्त्रियांनीही टाळावे.

मोठ्या शहरांत 'डेक्सा' नावाची तपासणी मिळते. हाडांची घनता पाहायचे तेच यंत्र कमी मात्रेच्या क्ष-किरणांनी हाडे, चरबी आणि बाकीचे शरीर वेगवेगळे दाखवते. मोजणी चांगली होते, पण बहुतेकांना तिची गरज नसते.

आमचा एक अनुभव सांगितलाच पाहिजे. गल्लीजवळच्या एका हॉलमध्ये 'मोफत बॉडी टेस्ट' होती. भाभींना यंत्रावर उभे करून चिठ्ठी दिली: शरीराचे वय ५९. भाभी तेव्हा ४३ वर्षांच्या. त्या घाबरून रडकुंडीला आल्या आणि लगेच त्यांच्या हातात पावडरचे डबे ठेवण्यात आले. 'शरीराचे वय' हा कुठल्याही डॉक्टरी तपासणीचा आकडा नव्हे. यंत्र बनवणाऱ्यांनी आपापल्या सूत्राने काढलेला तो अंदाज असतो. मोजमाप फुकट मिळत असेल तर शेजारी काय विकायला ठेवले आहे, तेही पाहावे.

चरबी शून्यावर आणायची नसते, हेही लक्षात ठेवावे. हार्मोन्स, पाळी, मज्जातंतू, शरीराची ऊब या सगळ्याला ती लागते. पुरुषाला निदान ३ टक्के आणि स्त्रीला १२ टक्क्यांच्या आसपास चरबी जगण्यासाठीच आवश्यक असते. स्त्रीचा टक्का पुरुषापेक्षा जास्त असणे ही निसर्गाची रचना आहे. नवऱ्याच्या आकड्याशी बायकोने तुलना करू नये.

चरबी जाते कुठे?

लोक म्हणतात, घामावाटे. काही म्हणतात, शौचावाटे. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी २०१४मध्ये याचा हिशेब मांडला. १० किलो चरबी जळाली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि १.६ किलोचे पाणी होते. म्हणजे चरबी बाहेर पडते ती मुख्यतः नाकातोंडावाटे! घाम आणणारे प्लॅस्टिकचे पट्टे आणि जॅकेटे फक्त पाणी घालवतात. दोन ग्लास पाणी प्यालो की ते वजन परत येते.

पोटाचे व्यायाम केले की पोटाचीच चरबी जाते, हाही असाच गैरसमज. १९७१ साली अमेरिकेत टेनिस खेळाडूंच्या दोन्ही हातांची कातडी चिमट्याने मोजली गेली. वर्षानुवर्षे एकाच हाताने खेळूनही त्या हाताच्या कातडीखालची चरबी दुसऱ्या हातापेक्षा कमी नव्हती. चरबी कुठून आधी काढायची ते शरीर ठरवते.

हिशेबही समजून घेऊ. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. भाभींच्या वजनाची बाई तासभर झपझप चालली तर अडीचशे ते तीनशे कॅलरी खर्च होतात. म्हणजे नुसत्या चालण्याने एक किलो चरबी घालवायला पंचवीस ते तीस तास लागतील. दुसऱ्या बाजूला, एका मोठ्या चमचाभर तेलात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात. म्हणून खाणे तसेच ठेवून केवळ व्यायामाने वजन झपाट्याने उतरेल, ही आशा करू नये.

मग व्यायाम करायचा कशाला? काटा हलला नाही तरी आतले शरीर बदलते म्हणून. कॅनडात डॉ. रॉबर्ट रॉस यांनी २०००मध्ये ५२ लठ्ठ पुरुषांवर तीन महिने प्रयोग केला. त्यातील एका गटाने रोज व्यायाम केला, पण वजन कमी होऊ नये इतके जास्त खाल्लेही. काटा तिथेच राहिला आणि तरीही पोटातली चरबी घटली. शिवाय जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायू कमी म्हणजे साखर ठेवायला कोठार लहान. नुसते उपाशी राहून उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. पुढे वजन परत येते तेव्हा मुख्यतः चरबी येते. भाभींनी दहा वर्षे हेच केले होते.

भाभींचे चार महिने

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे की प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे दम लागेल असा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. आमच्या गल्लीत बायकांसाठी जिम नाही आणि रस्त्यावर फिरायला भाभींना संकोच वाटे. मग वाट घरातच काढली.

फज्रच्या नमाजनंतर गच्चीवर अर्धा तास झपझप चालणे. बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांतच दम लागला, म्हणून दहापासूनच सुरुवात केली. रात्रीच्या जेवणानंतर दोघा नवरा-बायकोंची पंधरा मिनिटांची फेरी. जेवणानंतरचे हे चालणे भाईजानांच्या साखरेला विशेष मानवले.

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, ताकदीचा व्यायाम. त्यासाठी काही विकत आणले नाही.

– खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, १० वेळा.
– भिंतीला तळहात टेकून दंड, १० वेळा.
– पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या खांद्यापासून डोक्यावर नेणे, १० वेळा.
– पाच किलो तांदळाची पिशवी पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांत वाकून जमिनीवरून उचलणे, १० वेळा.

असे तीन फेरे, मध्ये मिनिटभर विश्रांती. सहज जमू लागले की वेळा वाढवायच्या, मग वजन. शेवटच्या दोन वेळा कष्टाने झाल्या तरच स्नायू वाढतात. न दमता केलेला व्यायाम म्हणजे नुसती हालचाल.

पहिल्या दोन महिन्यांत काटा जेमतेम अर्धा किलो उतरला. भाभी हिरमुसल्या. "मेहनत वाया," म्हणाल्या. मग आम्ही टेप लावली. ९६चे ९४ झाले होते. चार महिन्यांनी वही पाहिली तर वजन ६८चे ६६.५. घरच्या यंत्राप्रमाणे चरबी ३८ टक्क्यांवरून ३५.५. आता गुणाकार करा. आधी चरबी २५.८ किलो होती, नंतर २३.६. म्हणजे सव्वादोन किलो चरबी गेली आणि पाऊण किलोच्या आसपास बिगर-चरबीचे शरीर वाढले. काट्याने फक्त दीड किलो सांगितले! यंत्राचा आकडा आम्ही अंदाजच धरतो, पण टेपही तेच सांगत होती. घेर ९२ झाला होता. तांदळाची दहा किलोची पिशवी भाभी आता कुणाला हाक न मारता उचलतात.

दस्तरखानाची गोष्ट

व्यायाम करणाऱ्याला प्रथिने हवीत. साधारणपणे दर किलो वजनामागे रोज पाऊण ते एक ग्रॅम. आम्हाला वाटायचे, आपल्या घरात गोश्त शिजते, मग प्रथिनांची चिंता कसली? नीट पाहिले तेव्हा लाज वाटली. बोट्या पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जात. भाभी आणि अम्मी शेवटी बसत. त्यांच्या वाट्याला रस्सा, वरचा तेलाचा तवंग आणि उरलेला भात. ज्यांना आम्ही जाड म्हणून हसत होतो, त्यांच्या ताटात चरबी होती आणि प्रथिने नव्हती. आता सगळे एकत्र बसतात आणि वाटणी सारखी होते. रोज एखादे अंडे, वाटीभर डाळ किंवा हरभरे, दही, ज्वारीची भाकरी. महिन्याचे तेल मोजून आणतो. बिर्याणी बंद केली नाही, दुसरी ताटली बंद केली.

रमजानविषयीही दोन शब्द. अनेक देशांतील अभ्यासांची सरासरी सांगते की महिन्याभरात सव्वा किलोच्या आसपास वजन घटते आणि ईदनंतर काही आठवड्यांत बरेचसे परत येते. रोजा ही इबादत आहे, वजन उतरवण्याचा उपाय म्हणून तिच्याकडे पाहू नये. त्या महिन्यात स्नायू राखणे एवढेच ध्येय ठेवावे. सहरीत अंडे-दही घ्यावे, इफ्तारला तळण कमी करावे आणि ताकदीचा हलका व्यायाम इफ्तारनंतर करावा.

काही सावधगिरी

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायाम आणि रोजा, दोन्हींबाबत आधी डॉक्टरांशी बोलावे, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते. चालताना छातीत दुखले, जबड्यात किंवा हातात कळ आली, चक्कर आली तर लगेच थांबून डॉक्टर गाठावा. रक्तदाब जास्त असेल तर वजन उचलताना श्वास रोखू नये. आणि घरात कुणाला मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर अंगाने बारीक असलेल्यांनीही तिशीनंतर साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा.

भाईजानांनी औषधे सुरू ठेवली आणि व्यायामही धरला. आठ महिन्यांनी एचबीएवनसी ६.४ आली. वजन दोनच किलोने उतरले, पण घेर ९४चा ८९ झाला. गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील; आम्ही त्यात पडत नाही.

आमच्या कपाटाच्या आतल्या बाजूला आता एक वही टांगलेली आहे. महिन्याच्या पहिल्या जुम्याला सगळे जण कमरेचे माप त्यात लिहितात, बारीक असोत की जाड. या ईदलाही काटा बाहेर निघाला होता. भाभी त्यावर चढल्या, पण या वेळी कुणी हसले नाही. उतरल्यावर त्यांनीच टेप काढली आणि अम्मींच्या पुढे धरली, "आता तुमची पाळी." बहात्तर वर्षांच्या अम्मी आधी लाजल्या, मग पदर सावरून सरळ उभ्या राहिल्या.

अब्बा असते तर पहिले माप त्यांचे घेतले असते.